मुन्शीजींचं शून्य

दगडावर एक गोल होता. मी म्हणालो, "शून्य. म्हणजे वालूर आलं."

एवढं म्हणायला माझं काही गेलं नाही. पण मागून येणाऱ्या दहा-बारा माणसांनी ते ऐकलं, गाठोडी खाली टाकली, आणि पेडगावहून पहाटे निघालेली आमची फौज भर दुपारी त्या मैलाच्या दगडापाशी आडवी झाली. गाव आलं असेल तर एखादं घर तरी दिसायला हवं, असं मलाही वाटलं होतं. समोर तुरीचं शेत होतं आणि त्याच्या पलीकडे तुरीचं दुसरं शेत. पण परभणीच्या शाळेत चार इयत्ता जास्त काढलेला त्या घोळक्यात मी एकटा. दगड मी नाही वाचायचा तर कोणी?

आता दगडावरचं सगळं उर्दूत होतं, आणि शाळेत उर्दूच्या तासाला मौलवीसाहेबांचं पान आणायचं काम माझ्याकडे असे. त्यामुळे ती लिपी त्यांच्याकडेच राहिली. म्हणून मी मागे वळून मुन्शीजींकडे पाहिलं. ते काठी टेकत आले, चष्मा चढवला, दगडाला दोनदा काठीनं ठोकलं आणि म्हणाले, "बराबर. सिफर है."

झालं. शून्यावर सरकारी शिक्का बसला.

मुन्शीजी म्हणजे आमच्या पेडगावचे व्यंकटराव. तरुणपणी त्यांनी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात नोकरीच्या आशेनं एक पावसाळा काढला होता. नोकरी मिळाली नाही. तिथून ते एक रुमी टोपी, बटण तुटलेली शेरवानी आणि 'बराबर' हा शब्द घेऊन परत आले, आणि एवढ्या भांडवलावर त्यांनी सारं गाव अर्धं आयुष्य वाकवून ठेवलं. कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो मुन्शीजींकडे जायचा. ते कागद लांब धरायचे, जवळ आणायचे, एखाद्या वेळी हुंगायचेही, आणि गंभीर होऊन सांगायचे, "तारीख पडली." हे कधी चुकलं नाही. सरकारी कागदात तारीख पडलेलीच असते. मग तो माणूस परभणीला जाऊन कागद दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा, आणि परत आल्यावर मुन्शीजींच्या दारात भुईमुगाच्या शेंगा नेऊन टाकायचा, की तुमी म्हणाला तसंच निघालं.

वालूरला पायी जायची टूम त्यांचीच. म्हणजे चाल जुनी होती. तिथं महादेवाच्या देवळापुढं दीपमाळ आहे. त्रिपुरी पौर्णिमेला तिच्या माथ्यावरच्या दिव्यात पेडगावचं तेल पडायचं, आणि ते गाडीतून नाही, लष्करी वाटेनं चालत न्यायचं. जालन्याच्या छावणीची पलटण एकेकाळी त्या वाटेनं हिंगोलीला जायची म्हणे. तेल दरसाल एकेका घरानं न्यायचं, पाळीनं. मग मधे मानमोडीची साथ आली, पुढं दोन दुष्काळ आले, आणि चाल बंद पडली. वाट ठाऊक असलेली माणसं एकेक करून सरणावर गेली.

निजाम हुजूरांच्या जुबिलीच्या साली मुन्शीजींनी ही चाल उकरून काढली. देवासाठी नव्हे. वालूरकर तेल घेऊन आलेल्या मंडळींच्या म्होरक्याला शेला देतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वालूरच्या माणिकराव पाटलांचा निरोपही आला: या, पण चंद्र उगवायच्या आत या, यंदा चुकलं तर आमी आमचं तेल घालू आणि पेडगावचा मान संपला. मुन्शीजींनी लगेच तेलाची बुधली आपल्या घरून काढली. तेव्हा गाव पहिल्यांदाच त्यांना नाही म्हणालं. पाळी जिथं थांबली तिथूनच सुरू व्हायला पाहिजे, आणि ती थांबली होती कडूबाईच्या घरावर.

कडूबाईचा नवरा चाल बंद पडली त्याच साली गेला होता, तेल न्यायच्या आधी. मागं मूलबाळ नाही. दोन बिघ्यांची करडई ती स्वतः पेरते आणि स्वतःच काढते. तिनं घाण्यावरून तेल काढून आणलं, बुधलीच्या तोंडाला फडकं बांधलं आणि सांगितलं, "मी नेते. ह्यांचं ऱ्हायलंय." मुन्शीजी म्हणाले, बाईमाणसाला झेपायचं नाही. ती म्हणाली, "मग तुमच्या डोक्यावर द्या माझी मोळी, उद्यापासनं."

तर अशी ती बुधली डोक्यावर घेऊन म्हातारी आमच्या पुढं चालत होती. मुन्शीजी सगळ्यात मागं, त्यांचं गाठोडं आमच्यातल्या सटवाजीच्या डोक्यावर. जुन्या पलटणीच्या घोड्यांना कुठं चंदी मिळायची हे ते सटवाजीला अशा थाटात सांगत होते, की जणू स्वतःच्या हातानं चारली होती.

दगडापाशी सगळे लवंडले तेव्हा कडूबाई तेवढी उभी होती. ती म्हणाली, नवी नवरी असताना ती एकदा इकडं आली होती, पण वाटभर सासूच्या टाचांशिवाय काही पाहिलं नाही. शेवटी बारव होती एवढं आठवतं. "हितं बारव कुठाय?"

"बारव गावात असती," मुन्शीजी म्हणाले. "ही वेस हाय."

वेशीला ना दरवाजा ना भिंत. पण मुन्शीजींनी पायातले चढाव काढले होते, आणि एकदा चढाव काढले की त्यांच्या दृष्टीनं गाव आलेलंच असतं. पायाला फोड आले होते. ते काही वेळ फोडांकडे बघत राहिले, मग बुधलीकडे. माथ्यावरचा दिवा केवढा, त्याला तेल लागतं केवढं, असा हिशेब त्यांनी मोठ्यानं मांडला. कडूबाईनं बुधलीच्या तोंडावर हात ठेवला. मुन्शीजींनी तो हळूच बाजूला केला आणि म्हणाले, "देवाच्या वाटेला लागलेले पाय बी देवाचेच असतात, बाई." आणि दीपमाळेचं तेल त्यांनी दोन्ही तळपायांना चोळलं, पोटऱ्यांनाही, अगदी सावकाश, पैलवानासारखं.

सटवाजीनं कानाला हात लावले. बाकीच्यांनी तोंडं फिरवली. मग मुन्शीजींनी "घे बन्सी" म्हणत बुधली माझ्यापुढं धरली. शिकलेल्यानं शिकलेल्याची सोय बघायची, असा त्यात भाव होता. मी पाय पुढं केला. ओंजळभर गेलं असेल. कडूबाई माझ्या पायाकडं बघत होती, तोंडाकडं नाही.

मग भाकरी, ठेचा, भोपळ्यातलं होतं नव्हतं तेवढं पाणी, आणि झोप. पोचलेल्या माणसाला झोप लय चांगली लागते.

जागे झालो तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. बुधली नव्हती, कडूबाईही नव्हती. मुन्शीजींचा निवाडा ताबडतोब झाला: म्हातारीनं तेल पळवलं. सटवाजीनं विचारलं, पळवून नेईल कुठं? "विकील," मुन्शीजी म्हणाले, आणि तेलाची वास्तपुस्त करणारा हा माणूस उठला तेव्हा त्याच्या पोटऱ्या उन्हात चकाकत होत्या.

आम्ही निघालो. गाव आलं होतं म्हणावं तर वाट काही संपत नव्हती. पुढं आणखी एक दगड लागला, त्याच्यावर वेगळाच आकडा. शून्याच्या पुढं आकडा कसा, हे मी मुन्शीजींना विचारलं. ते म्हणाले, तो दुसऱ्या गावाचा दगड आहे. त्याच्या पुढचाही दुसऱ्याच गावाचा निघाला. तहान लागली होती, भोपळे कोरडे होते, आणि जो तो माझ्यापासून चार पावलं लांब चालत होता.

दिवस मावळता मावळता झाडांच्या वर, अधांतरी, एक दिवा लागलेला दिसला. दीपमाळेचा माथा. चंद्र अजून वर आला नव्हता. सटवाजी तिथंच थांबला, त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "पोचली म्हातारी."

देवळापुढं माणिकराव पाटील पेडगावच्या म्होरक्याची वाट बघत शेला घेऊन उभे होते. मुन्शीजींचं लंगडणं वेशीतच थांबलं. ते सरळ पुढं गेले, मान वाकवली, शेला घेतला. म्हातारीला आपणच पुढं धाडलं होतं, असं त्यांनी सांगितलं, आणि वाटेवरचा एकूण एक दगड वाचत आल्याचंही.

कडूबाई बारवेच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली होती. शेजारी एक पिंजारी, कापूस पिंजायची धनुकली पायरीला टेकवून तिची भाकरी खात होता. आम्ही घोरत असताना तो त्या दगडावरून चालला होता. तिनं त्याला हटकलं, तर तो म्हणाला, वालूर अजून पाच मैल आहे, दगडावर लिहिलंय की. ती बुधली उचलून त्याच्या मागं निघाली. मी त्या गोलाचं विचारलं, तेव्हा त्यानं भाकरी धरलेल्या हातानंच हवेत गोल काढून दाखवला. "ये पांच है मियां. सिफर तो बस नुक्ता होता." आणि बोटानं हवेत एक टिंब टोचलं.

मी कडूबाईला म्हणालो, "माय, आम्हाला उठवायचं तरी."

"उठवलं असतं तर मुन्शीजीनं पुन्ना वाचलं असतं," ती म्हणाली.

माथ्यावरचा दिवा जेवणाची शेवटची पंगत उठेपर्यंत जळायचा असतो. पहिल्या पंगतीला अजून वाढत होते, तेवढ्यात तो फडफडला आणि विझला. माणिकरावांनी विचारलं, पेडगावचं तेल यंदा कमी कसं? मुन्शीजींनी नवा शेला सावरत वर पाहिलं आणि वाऱ्याला दोष दिला. झाडाचं पान हलत नव्हतं.

कडूबाई पाण्यातून पाय न काढता म्हणाली, "वारं न्हाई, पाटील. उरलेलं तेल मागनं चालत आलंय. मुन्शीजीच्या पायाला हाय, अन् ह्या बन्सीच्या."

सगळ्यांच्या माना खाली वळल्या. मुन्शीजींच्या पोटऱ्या चांदण्यात सुद्धा चमकत होत्या. पंगत हसली. सगळ्यात मोठ्यानं मुन्शीजीच हसले, आणि म्हणाले, "बराबर." शेला मात्र त्यांनी काढला नाही. आजही काढत नाहीत. कागद हुंगताना तो खांद्यावर असतो. शून्याची गोष्ट तेच सगळ्यांना रंगवून सांगतात. त्यात शून्य वाचणारा मी एकटाच असतो.

परत आल्यावर मी वाटीभर करडईचं तेल घेऊन कडूबाईकडं गेलो. तिनं वाटीला हात लावला नाही. म्हणाली, "हितं नगं देऊ. वालूरला चालत आण."

पुढच्या सालच्या त्रिपुरी पौर्णिमेला जमाव करून जायची परवानगी मिळाली नाही, असं मुन्शीजींनी कागद वाचून सांगितलं. कडूबाई एकटीच गेली. एकट्या माणसाला परवानगी कशाला लागते, हे मला ती गेल्यावर सुचलं. वाटीतलं तेल तोवर आईनं फोडणीला घातलं होतं.