शून्य रुपयांची नोंद

बाबांच्या हार्डवेअरच्या दुकानाचे आठ वर्षांचे जुने हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे होते. प्रत्येक नोंद वाचून तपासणारा छोटा प्रोग्राम मी लिहिला आणि चालवला. सगळ्या नोंदी सुरळीत गेल्या, सात मात्र लाल झाल्या. रक्कम शून्य! कुणी केला हा वेडेपणा, म्हणून चिडून बघितलं, तर सातही आपापल्या वर्षाच्या पहिल्याच नोंदी होत्या आणि तपशिलात एकच अक्षर: श्री.

नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर बाबा कुंकवानं श्री लिहीत आणि ते पान तसंच सोडून देत. "कोऱ्या वहीत एकदम पैसे लिहू नयेत गं," म्हणायचे. कॉम्प्युटरवर नोंदी करायला मीच त्यांना शिकवलं. "यात पहिलं पान कुठंय?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी नुसती हसले होते.

त्यांनी ते आपलं आपण शोधलं होतं तर.

दुकान आता दादा बघतो. फोनवर म्हणाला, "उडव ना त्या नोंदी, कशाला हव्यात?" मी नियमच बदलला: तपशिलात श्री असेल, तर शून्य चालेल.

आठव्या वर्षाचे हिशेब मात्र पहिल्याच फेरीत बिनचूक निघाले होते. त्या वर्षी बाबा नव्हते.