सतरा नंबरचं कार्ड

फोन स्पीकरवर होता. पलीकडून सायखेड्याच्या बालवाडीतल्या बाई बोलत होत्या.

"साहेब, ते सतरा नंबरचं कार्ड. आमची एक पोरगी ऐकायलाच तयार नाही. म्हणते, बाई, माझंबी बरोबर हाय. मी पुस्तिकेत बघून चूक म्हटलं. लय रडली. चार दिवस झाले, खेळाला हात लावत नाही. काल मी स्वतः मांडून बघितलं. तिचं बरोबर आहे हो."

देवरे साहेबांनी फोन ठेवला. आधी मनीषाताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

आमच्या वर्कशॉपमध्ये लहान मुलांचे लाकडी खेळ बनतात. डोकं चालवायचे. एका पाटावर ओळीनं चार घरं. गाय, मांजर, ससा, कोंबडी असे चार ठोकळे. कार्डावर चित्रांतून क्लू दिलेले असतात, म्हणजे पत्ता लागायच्या खुणा. त्यावरून कोण कुठल्या घरात ते मुलानं ओळखायचं. उत्तर एकच निघालं पाहिजे. दोन निघाली तर ते कोडंच नाही.

कोडी मनीषाताई बनवायच्या. मी तपासायची. लॉट, म्हणजे खेळांची एक खेप, छापायला जायच्या आधी प्रत्येक कार्ड पाटावर मांडायचं, पुस्तिकेतल्या उत्तराशी ताडायचं, चेकिंग शीटवर पेन्सिलनं टिक करायची.

हे काम मला ताईंनी दिलं. मी गडचिरोलीकडची, सातवीत शाळा सुटलेली. नाशिकला ओळखीचं कुणी नाही. साहेब नको म्हणत होते. ताई म्हणाल्या, "शिकलेला माणूस उत्तर आधी बघतो. ही मांडून बघेल." खोलीही त्यांनीच बघून दिली. मला रोज वाटायचं, आज नाही तर उद्या हे लोक मला काढतील.

सतरा नंबरवर तीन क्लू होते. गाय पहिल्या घरात. मांजर आणि कोंबडी शेजारी नाहीत. ससा शेवटच्या घरात नाही. मी मांडलं: गाय, कोंबडी, ससा, मांजर. पुस्तिकेत होतं: गाय, मांजर, ससा, कोंबडी. परत मांडलं. दोन्ही बसत होते. शीटवर मी बारीक अक्षरात लिहिलं, 'दोन उत्तरे'.

मग मला भीती वाटली. शाळेत माझं उत्तर पुस्तकापेक्षा वेगळं आलं की माझंच चुकलेलं असायचं. ताईंची चूक मी काय काढणार? खोडलं आणि टिक केली.

"कोडं मला फार सोपं वाटलं म्हणून त्यातला एक क्लू मी बदलला होता," मनीषाताई म्हणाल्या. "बदलल्यावर मांडून बघितलं नाही. चूक माझी."

"मग हिला कशाला ठेवलंय?" साहेबांनी शीट टेबलावर टाकली. "काय गं, तुला दिसलं नाही?"

"नाही जी."

"नाही जी, हो जी! जी लावलं की झालं काम?"

ताईंनी शीट उचलली. खिडकीकडे धरून बघितली. घडी घालून फाईलला लावली. म्हणाल्या, "तिच्यावर कशाला चिडता? पुस्तिका मीच लिहिलीय. ही त्यातल्या उत्तराशीच ताडणार ना?"

मी ठोकळे गोळा करत राहिले.

पुढचे आठ दिवस मी परत आलेल्या कार्डांवर चौथ्या क्लूचं स्टिकर लावत होते: मांजर गायीच्या शेजारी. महिनाअखेर मनीषाताईंना साहेबांनी कामावरून काढलं. जाताना त्यांनी मला त्यांचा डबा दिला, भाजीसकट. "खोलीवर खा," एवढंच म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी मी साहेबांना खरं सांगितलं. ते फोनमध्ये बघत म्हणाले, "आता सांगून काय? कार्डं दुरुस्त झाली ना? जा, कामाला लाग."

मग ताईंना फोन केला. "ताई, ते सतरा नंबरचं कार्ड..." त्याच म्हणाल्या, "मला माहीत होतं. खोडलेलं उजेडात दिसतं."

"मग बोलला का नाही जी?"

"तुला गावी जावं लागलं असतं. मी इथलीच आहे. मिळेल काहीतरी."

"मिळालं?"

"अजून नाही."

सायखेड्याला नवीन कार्ड पाठवलं होतं. मी बाईंना विचारलं, ती पोरगी खेळते का? म्हणाल्या, "खेळते, पण ठोकळा ठेवायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते."

तपासणीचं काम अजून माझ्याकडेच आहे. पुस्तिका मी आता शेवटी उघडते. आणि शीट पेनानं भरते.