पोह्यांचा डबा आणि मुलांचं मत

मी आज जो काही आहे तो खरात गुरुजींमुळे. आणि त्या शनिवारी माझी जी शोभा झाली ती मात्र पूर्णपणे स्वतःच्या कर्तृत्वाने.

गुरुजींनी माझा कॉलेजचा फॉर्म भरला, आमच्या घराण्याला पहिला पदवीधर दिला, आणि मी भाईंदरला शिक्षक म्हणून निघालो तेव्हा एकच सांगितलं, "शाळा सुधारायची असेल तर मुलांना विचार."

नव्वदच्या आसपासची गोष्ट. राई गावाच्या अलीकडे आमची दोन खोल्यांची शाळा. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. शनिवारी तपासणीचे साहेब येणार, शेरेबुकात शेरा मारणार, आणि त्या शेऱ्यावर माझं कायम होणं! मी ठरवलं, मुलांच्या मतांची पेटी ठेवायची. सीलबंद! साहेबांसमोर, पालकांसमोरच उघडायची. मीसुद्धा आधी वाचायचं नाही. (गुरुजी जवळ असते तर म्हणाले असते, "गाढवा, आधी वाच.")

पण पेटी आणायची कुठून? घरात फळीवर स्टीलचा डबा होता, लग्नात बायकोच्या मामांनी दिलेला. मी आतले पोहे पातेल्यात ओतले आणि डबा घेऊन जवळच्या हाटकेश भागातल्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. झाकणाला फट पाडायला सांगितली.

"मास्टरजी, घर में पूछा क्या?" कारागिराने विचारलं.

"शिक्षणाचं काम आहे!" मी छाती काढून म्हणालो.

घरी आठवडाभर एकच प्रश्न. "अहो, माझा डबा पाहिलात का?"

"कुठला गं?" मी पेपरात तोंड खुपसून.

वर्गात मात्र उत्साहाला भरती आली होती. योगायोगाने मी नुकतंच पत्रलेखन शिकवलं होतं : पत्र ज्याच्या नावाचं, त्यालाच पोचतं, म्हणून आधी नाव नीट वाचावं. मुलं इतकं मन लावून चिठ्ठ्या लिहीत होती की मला भरून आलं. चार दिवसांत डबा गच्च!

शनिवारी साहेब खुर्चीत, पालक सतरंजीवर. मी लाखेचं सील फोडलं, पहिली चिठ्ठी काढली आणि खणखणीत आवाजात वाचली, "प्रिय सुनंदाबाईंना नमस्कार..."

मी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"सुनंदाबाई कोण?" साहेबांनी विचारलं.

मी डबा फिरवला. त्यावर ठसठशीत कोरलेलं होतं : 'चि. सौ. कां. सुनंदास मामांकडून सप्रेम भेट.'

"सर, डब्यावर त्यांचाच नाव हाय ना!" पुढच्या रांगेतली मंजू आनंदाने ओरडली. "तुम्हीच सांगलाव, आधी नाव वाचायचा!"

"अरे वा! शिकवलेलं डोक्यात राहतं म्हणजे," साहेब म्हणाले. "वाचा, वाचा."

काय करता! वाचलं.

"बाई, सर फळ्यावर लिहितात आणि त्याच्यासमोरच उभे राहतात. त्यांना जरा सरकवा."

"बाई, पाण्याचा माठ उंच हाय. सरांचा हात पोचतो, आमचा न्हाय."

"बाई, आमचं चुकलं की सर ओरडतात. त्यांचं चुकलं की 'मी तुमची परीक्षा बघत होतो' म्हणतात. घरी पण असंच करतात का?"

"घरी पण असंच करतात!"

आवाज दारातून आला. दारात साक्षात सुनंदा! (आमच्या चाळीतल्या एका पोराने घरी सांगितलं होतं, काकूंच्या डब्यात आम्ही पत्रं टाकतो. त्याच्या आईने ती बातमी हिला पोचवली होती.)

"आपण?" साहेब.

"मी डब्याची मालकीण." मग तिचं लक्ष झाकणाकडे गेलं. "ही फट कुणी पाडली?"

वर्गातल्या सगळ्या बोटांनी माझ्याकडे दाखवलं. साहेबांच्या पेनानेसुद्धा!

मला वाटलं, संपलं. आता कायम कसला होतो, उद्याच घरी! पण सुनंदाने पदर खोचला, सतरंजीवर बसली आणि माझ्या हातातल्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. "माठ खाली घ्या हो कुणीतरी." दोन पालकांनी माठ उतरवून बुटक्या स्टुलावर ठेवला. "आणि तुम्ही फळ्यापुढून बाजूला व्हा." मी झालो. "अजून!" मी अजून झालो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वर्षभरात मला जे जमलं नव्हतं ते तिने पाऊण तासात केलं.

साहेबांनी शेरा लिहिला : 'मुलांची मते ऐकून तत्काळ सुधारणा केल्या जातात. सौ. सुनंदाबाईंचे काम उत्तम. शिक्षकही सहकार्य करतात.'

त्या शेवटच्या तीन शब्दांवर मी कायम झालो! त्यानंतर गुरुजींना हे पत्र टाकलं :

'ती. गुरुजींना साष्टांग नमस्कार.

मी कायम झालो. तुम्ही म्हणालात तसं मुलांना विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, फक्त मला नाही. आता चुकलं की मी सरळ चुकलं म्हणतो. (शाळेत. घरी सराव चालू आहे.) मामांचा डबा हिने घरी नेला आणि मुलांसाठी नवा दिला, तोही स्वतःच्या नावाचा. तो रोज भरतो. शेजारी मी माझ्या नावाचा डबा ठेवला, नाव दुप्पट मोठं कोरून. पंधरा दिवस रिकामा! काल एक चिठ्ठी निघाली. घाईघाईने उघडली. "सर, तुमच्या डब्यात कोनच काय टाकत न्हाय. तर त्यातून पोहे आना."

गुरुजी, मुलांचं मत आहे, ऐकायलाच हवं. पहाटे उठून पोहे मीच केले. डबा भरून आता शाळेत निघालोय. माझ्याही झाकणाला फट आहे, त्यामुळे माझ्याआधी वास पोचला असेल.

आपला आज्ञाधारक (आता सगळ्यांचाच),
मधुकर'