कावळ्याला दिलेला शब्द आणि बत्तिसावं दालन

कावळ्याला दिलेला शब्द पुरा करायला मला वर्षश्राद्धापर्यंतचा वेळ होता. त्यातले अकरा महिने मी तो खेळ कुठल्या यंत्रावर खेळावा हे ठरवण्यात घालवले. अजूनही ते आठवलं की मी माझ्यावरच वैतागतो.

आधी शब्दाचं सांगतो. माझा मोठा भाऊ चैत्रात गेला. तो बोटीवर इंजिनात काम करायचा. सुट्टीवर आला होता, सकाळी चहा प्याला आणि पडवीतच बसल्या जागी गेला. त्याला मूल नाही, त्यामुळे पुढचं सगळं मी केलं. दहाव्या दिवशी खाडीकाठी पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही. सुरूच्या झाडावर पाच-सहा बसून आमच्याकडे बघत होते, पण एकही खाली उतरत नव्हता. अशा वेळी गेलेल्याची इच्छा राहिली आहे असं धरतात आणि एकेक जण पुढे होऊन हात जोडून शब्द देतो. आईला सांभाळू, झालं. वहिनीला काही कमी पडू देणार नाही, झालं. कलमांची बाग विकणार नाही, तेही झालं. कावळे ढिम्म. ऊन चढत होतं.

माझा चुलतभाऊ मागून म्हणाला, "अरे तू बोल मा कायतरी! सख्खो भाव तू. पुस्तकां वाचून वाचून तोंड शिवलंस काय?"

मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. चार माणसांत बोलायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. पण तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "दादा, तो गेम मी पुरो करतलंय."

कावळा उतरला. इतका चटकन उतरला, की भटजींना पाणी सोडायचंही सुचेना.

परत येताना चुलतभाऊ म्हणाला, "बघलास? आमी बागेचो शब्द देवक तयार, आनि मेल्याचो जीव टीव्हीत अडकलेलो!" सगळे हसले. दहाव्याच्या वाटेवर हसू नये, पण हसले. मीसुद्धा हसलो. वहिनी मात्र हसली नाही असं घरी आल्यावर आईनं सांगितलं. तिला बातमी आमच्या आधी पोचली होती.

तो खेळ नामांकित आहे. नाव सांगत नाही, खेळलेले ओळखतील. हातात मशाल घेतलेला एक बुटका शिपाई किल्ल्यात शिरतो. बत्तीस दालनं, दर दालनात खड्डे, वटवाघळं, सरकते दगड. आम्ही त्याला बुटको म्हणायचो. दादाचा पांढरा, माझा निळा. एकजण मेला की दुसऱ्याची पाळी. मी आठवीत असताना दादानं पहिल्या सफरीवरून टीव्हीला जोडायचा तो खेळाचा डबा आणला. तेव्हापासून मी शाळेत असेपर्यंत त्याच्या प्रत्येक सुट्टीत एकदा तरी आम्ही बसायचो. चालू करण्यापूर्वी दादा टीव्हीसमोर हात जोडून गाऱ्हाणं घालायचा, देवळात घालतात तसं, त्याच सुरात. "बा देवा म्हाराजा! आज ही दोन लेकरां किल्लो सर करूक निघाली हत. तेंच्या वाटेत वटवाघूळ इला आसात, खड्डो इलो आसात, तां बाजूक कर. आनि काय झाला तरी लाईट जावक देव नको रे म्हाराजा!" मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

लाईट जायचीच. मधे थांबून पुढे सुरू करायची सोय त्या खेळात नव्हती. लाईट गेली की पहिल्या दालनापासून. एकदाच आम्ही बत्तिसाव्यात पोचलो होतो. निळा शेवटचं दार उघडणाऱ्या कळीपासून चार पावलांवर होता आणि पंखा थांबला. "पुढच्या सुट्टीत," दादा म्हणाला. मग मी कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, आणि त्या पुढच्या सुट्ट्या कशा गेल्या ते कळलं नाही. शेवटच्या सुट्टीत, जाण्याआधी चार दिवस, त्यानं दारातून विचारलं होतं, "बसतंस काय रे वायच?" माझ्या हातात पुस्तक होतं. मी मान वर न करता म्हणालो, "उद्या."

एवढंच आहे. यापलीकडे काही नाही. पण एवढ्यासाठी खेळ नीट पुरा व्हायला हवा होता, कसाबसा उरकायचा नव्हता. आणि नीट म्हणजे काय, इथेच मी अडकलो.

पहिला प्रयत्न फोनवर. खेळ फुकट मिळतो. फुकट म्हणजे दर तीन दालनांनी रमीची जाहिरात, केसांच्या तेलाची जाहिरात, पुन्हा रमी. बटणं काचेवरच काढलेली असल्यामुळे माझा अंगठा बुटक्यावर येतो आणि तो खड्ड्यात पडल्यावरच मला दिसतो. पडला की पडद्यावर मराठीत अक्षरं उमटतात : 'एक जाहिरात पाहा आणि पुन्हा जिवंत व्हा.' पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा मी फोन उशीखाली सारला आणि बराच वेळ अंगणात फिरत राहिलो. सुतकातून नुकतंच उठलेलं घर होतं. असलं वाक्य लिहिणाऱ्याला घरदार नसेल काय?

दुसरा प्रयत्न चुलतभावाकडे कुडाळला. त्याच्याकडे नवं यंत्र आहे आणि त्यावर या खेळाची नव्यानं केलेली आवृत्ती. आधी ती स्वतःला अद्ययावत करत बसली. तेवढ्यात दोनदा चहा झाला. मग खातं उघडा म्हणाली. मग पासवर्ड दुबळा आहे म्हणाली. शेवटी बुटका आला तर त्याला पापण्या होत्या! तो उडी मारताना हुंकारत होता. वटवाघळांचे पंख मखमलीचे. मागे पन्नास वादकांचा वाद्यवृंद. तीनदा मेलो तर यंत्रानं अदबीनं विचारलं, हे दालन गाळून पुढे जायचं आहे का?

"जा मा!" चुलतभाऊ म्हणाला. "येवढी सोय आसा तर."

"गाळून पुरा कसा होईल?"

"कावळो काय दालनां मोजूक बसलेलो?"

वाचनालयात मी रोज बघतो, गाजलेल्या ग्रंथाची संक्षिप्त, सुलभ, सचित्र आवृत्ती निघते आणि ती नेणारा माणूस मूळ ग्रंथ वाचला म्हणून सांगत फिरतो. त्याला मी कधी काही बोललो नाही. पण मनातल्या मनात त्याचं काय केलं असेल ते मलाच माहीत. आता मीच तो वाचक व्हायचं?

तिसरा प्रयत्न घरच्या कंप्युटरवर. जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा एक प्रोग्राम असतो. चित्र तेच, आवाज तोच, पापण्या नाहीत. मी खूश झालो. पण त्यात हवं तिथे खूण करून ठेवता येते आणि बुटका मेला तर वेळ मागे फिरवता येतो. एक बटण दाबलं की खड्ड्यात पडलेला माणूस उलटा वर येऊन काठावर उभा. मी ते बटण वापरणार नव्हतो. पाचव्या दालनात वापरलं. मग वापरतच गेलो. एका संध्याकाळी तिसाव्या दालनापर्यंत आलो आणि लक्षात आलं, की मी खेळत नाही, नुसता मागे जातोय. मी कंप्युटर बंद केला.

"झाला काय पुरा?" आईनं विचारलं.

"नाय."

"मगे इतको वेळ काय करी होतंस?"

मी भटजींना फोन केला. आज ते सांगताना लाज वाटते. विचारलं, खूण करून, मागे फिरवून खेळ संपवला तर शब्द पाळला असं होतं का? मग ते म्हणाले, "शास्त्रात याला आधार नाही. विरोधही नाही." आणि जरा हळू आवाजात, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

मग मूळ प्रतीकडे वळलो. माळ्यावर दादाचा डबा निघाला. दोन कंट्रोल, वायरी, पिवळी कॅसेट, सगळं त्यानं लुंगीत गुंडाळून ठेवलेलं. आमच्या खाऱ्या हवेनं कॅसेटचे पितळी दात हिरवे केले होते. दादा त्यात फुंकर मारायचा. मी वाचलं, की फुंकरीनं दात आणखी बिघडतात, थुंकी लागते. म्हणजे प्रत्येक सुट्टीत आम्ही तिला मारतच होतो. मी खोडरबरानं घासली. डबा नव्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडायला जावं तर त्याला तसली भोकंच नाहीत. जोडणारी डबी मागवली. चित्र आलं, चुलतभावाला खेळून बघायला बसवलं, पण बटण दाबल्यावर बुटका क्षणभर विचार करायचा आणि मग उडी मारायचा. तोवर खड्डा आलेला. त्यावर लेख वाचले. लेखांखाली भांडणारी माणसं वाचली. अमुक डबी घ्या, तमुक घेणारे गाढव आहेत. एक म्हणे खरा अनुभव फक्त जुन्या पेटीसारख्या टीव्हीवर. दुसरा म्हणे त्या टीव्हीतही अमुकच कंपनीचा. मी वहीत टिपणं काढू लागलो. त्यात गणपतीची चवथ आली, गेली. दिवाळी झाली नाही, दुखवट्याचं वर्ष. माघही गेला.

देवगडला मावशीच्या आंब्याच्या शेडमध्ये जुना पेटीटीव्ही आहे, त्यावर रिकाम्या पेट्या रचतात, असं आईला आठवलं. मी जाऊन तो रिक्षात मांडीवर घेऊन बसलो. मोठी माणसं रस्त्यात थांबून बघत होती. घरी लावला. लागला! रंग जरा हिरवट, पण लागला. मी समोर बसून म्हणालो, हिरवटपणा घालवायला पिंगुळीला एक दुरुस्तीवाला आहे म्हणतात, त्याला दाखवून घेतो, मग सुरू करू.

वहिनी दारात तांदूळ निवडत होती. वर्षभरात तिनं या विषयावर अवाक्षर काढलं नव्हतं. सूप खाली ठेवून म्हणाली, "भावजी, तुमका खेळूचा नाय. तुमका नुसता निवडत र्‍हवाचा आसा."

मी वही मिटली.

"फोनार जाहिराती. थंय पापणी. हय हिरवो. ते असते तर हिरव्यारच बसले असते. तुमका ठावक आसा, आनि माका पन." तिनं पदराला हात पुसले. "परवा श्राद्ध. आज बसा. कसो चालू करतत हो?"

चालू करायचं बटण फक्त पहिल्या कंट्रोलवर असतं. दुसऱ्यावर ते नसतंच. मी जन्मभर दुसऱ्यावर खेळलो. माझे अंगठे त्याच्याच बटणांवर बसतात. आणि पहिला, दादाचा, हातात घ्यायची माझी छाती नव्हती, हे अकरा महिन्यांत मी कुणाला सांगितलं नव्हतं, वहीतही लिहिलं नव्हतं. वहिनीनं तो उचलला, उलटसुलट केला आणि विचारलं, "हो काय?" आणि ते बटण दाबलं.

दोघांचा खेळ असल्यामुळे पांढरा आधी आला. वहिनीला उडीचं बटण सापडेना. पांढरा सरळ चालत गेला आणि पहिल्याच खड्ड्यात पडला. माझी पाळी. मी पहिली तीन दालनं काढली आणि चौथ्यात दगडाखाली आलो. पुन्हा पांढरा, पुन्हा तोच खड्डा. पुन्हा मी, आणि सातव्यात वटवाघूळ. तिसऱ्यांदा वहिनीनं उडी मारली, पण खड्ड्यातच.

"मेलो?"

"व्हय."

"परत येवचो नाय?"

"नाय. तीनच जीव असतत. आता फक्त मी."

तिनं मान हलवली. कंट्रोल मांडीवर ठेवून ती बसून राहिली. तांदूळ तसेच. माझा एकच जीव उरला होता आणि सव्वीस दालनं.

दुपारी एकोणिसाव्या दालनात लाईट गेली. पण कोपऱ्यात इन्व्हर्टरनं टुकटुक केलं आणि चित्र जरासं थरथरून तसंच राहिलं. हा इन्व्हर्टर दादानंच शेवटच्या सुट्टीत बसवला होता. आईला उकडतं म्हणून, असं तेव्हा म्हणाला होता.

बत्तिसावं दालन मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघालं. कळ तिथेच होती. ती चार पावलं मी गेलो. दगड सरकला, दार उघडलं, निळा आत गेला. काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या, त्याही चुकीच्या इंग्रजीत : शूर वीरा, तुझे काम झाले, विश्रांती घे. खाली एक चौकोन लुकलुकत होता. एवढंच. ना वाजंत्री, ना खजिना.

"ह्याच्यासाठी?" वहिनी म्हणाली.

"ह्याच्यासाठी."

आम्ही दोघं त्या हिरवट अक्षरांकडे बघत राहिलो. ती तशीच राहतात, पहिल्या कंट्रोलवरचं बटण दाबेपर्यंत. ते वहिनीच्या मांडीवर होतं. तिनं त्यावर अंगठा ठेवला होता, पण दाबत नव्हती. दाब असं मीही म्हणत नव्हतो.

आतून आई ओरडली, "संपलो मा तो? मगे बंद करा आनि जेवक येवा! दोन वेळा आमटी गरम केलंय, आता तिसऱ्यांदा करूची नाय!"

वहिनीनं दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पहिलं दालन आलं. दारात पांढरा बुटका उभा, मशाल हातात, वर तीन जीव.

"अगो बाय," वहिनी म्हणाली, "हो परत इलो."

"व्हय. संपलो काय पयल्यापासून सुरू होता."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग एक पाऊल चालवून बघितलं आणि खड्ड्याच्या अलीकडे थांबली. कंट्रोल हळूच खाली ठेवला, वायर गुंडाळली नाही. मी टीव्ही बंद केला आणि आम्ही जेवायला गेलो.