नायकाच्या मरणावर हसलेले काका

आवाजवाल्या काकांबद्दल गल्लीत एक कुजबुज होती. बाई गं, काय माणूस म्हणायचा! नायक मेला तेव्हा सगळं थिएटर हमसून रडत होतं आणि हा गालातल्या गालात हसत होता. का, तर म्हणे पोस्टरवर नायकाचं नाव हत्तीएवढं आणि याचं मुंगीएवढंही नाही, त्याचा जळफळाट! बातमीचा उगम म्हणजे काकांची मेहुणी. शेजारच्या खुर्चीत तीच होती, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

परदेशी सिनेमांतल्या उडणाऱ्या नायकाला आपल्या भाषेत आवाज द्यायचे ते हे काका. पण या सिनेमांची आपसातली सोयरिक एवढी वाढली, की हा नायक आज दुसऱ्या नायकाच्या सिनेमात पाहुणा, उद्या तिसऱ्याच्या. पाहुण्यानं तरी गप्प बसावं? कुठं इमारत कोसळली की हा किंचाळलाच. आणि किंचाळायचं काकांनी.

घसा पार खरवडून निघाला होता. घरात ते बोलतच नसत. चहा हवा की एक टाळी, साखर कमी पडली की दोन.

"अहो, जगाला वाचवता आणि मला टाळ्यांवर नाचवता!" बायको करवादायची. "मी काय सर्कशीतलं अस्वल आहे?"

यावर भांडायलाही काकांच्या घशात त्राण नव्हतं. डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "यापुढे एका जरी सिनेमात ओरडलात, तरी आवाज कायमचा जाईल." सोडावं म्हटलं तर करार असा, की नायक जिवंत तोवर आवाज काकांचाच.

तुम्ही म्हणाल, नायक जगणार की मरणार हे काकांना ठाऊक असेलच. कसलं डोंबल! गोष्ट फुटू नये म्हणून स्टुडिओतला पडदा सगळा काळा. मधल्या भोकातून फक्त नायकाचे ओठ दिसायचे. वाक्यंही मागची पुढे, पुढची मागे. आपलाच सिनेमा काका तिकीट काढून बघत.

तसाच हाही बघितला, बायको आणि मेहुणीला घेऊन. कोसळलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात नायकानं मित्राच्या मांडीवर प्राण सोडला. मेहुणी रुमालात नाक शिंकरत होती; काकांनी डोळे मिटून पाठ टेकली. नावं सुरू झाली तसे ते उठू लागले, तर तिनं बाही ओढली. "बसा हो भावजी, या सिनेमांना नावांनंतरही शेपूट असतं."

नावं सरली. पडद्यावर ढिगाऱ्यातून एक हात वर आला आणि अंधारात काकांचाच आवाज घुमला, "आलो!"

शिट्ट्यांनी छत उडायची वेळ आली. काकांना ती दुपार आठवली. हा एकच शब्द त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला होता. "कुठं आलो?" असं विचारल्यावर रेकॉर्डिंगवाला नुसताच हसला होता.

बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "चला घरी. गुळण्यांना पाणी ठेवते."

जळफळाट वगैरे काही नव्हता. नायक मेला म्हणजे आपण सुटलो, असं काकांना वाटलं होतं. म्हणून ते हसले.