साहेबाच्या पोराचा दगड

आमच्या गल्लीच्या तोंडाला जुन्या दगडी भिंतीवर एक निळा बोर्ड लावलाय. आतली इंग्रजांची थडगी परिसरातल्या नागरिकांनी श्रद्धेनं जपली, असं त्यावर लिहिलंय. मी चौथी शिकलेली आहे, तेवढं वाचता येतं. ते खोटं आहे. गल्लीनं काही जपलं नाही. आम्ही त्या थडग्यांवर शेणी थापल्या.

कोल्हापुरात गोरे साहेब राहत होते तेव्हाची ही जागा. शहरात विचाराल तर कुणाला माहीत नसते. देवीला आणि रंकाळ्याला येणारी माणसं इकडं कशाला येतील? भिंतीच्या आत चिंचेचं एक झाड आणि सात थडगी. एक थोरल्या साहेबाचं, त्याच्या शेजारी मडमेचं, मग शिपाई का कोण होते त्यांची, आणि पार कोपऱ्यात एका लहान पोराचं. सगळ्यांवर सपाट, रुंद, काळे दगड. दुपारी असे तापतात की पाय ठेववत नाही. शेणी, म्हणजे शेणाच्या गोवऱ्या, वाळवायला त्याच्यासारखी जागा नाही.

ज्या घरी म्हशी त्या घराला एक दगड, अशी आमच्या गल्लीची वाटणी होती. सासूचा दगड सुनेला मिळायचा. आमच्या घराला मडमेचा दगड. धाकटा दीर वारला आणि त्याची बायको, म्हणजे माझी जाऊ, मागं राहिली, तेव्हा सासूनं तिला कोपऱ्यातला दगड दिला. "तुला पोर न्हाई, तर घे साहेबाचं पोर," असं म्हणाली आणि हसली. आम्हीही हसलो. तो दगड कुणालाच नको होता. लहान होता.

माझ्या नवऱ्यानं त्याच वेळी जावेला समोर बसवून सांगितलं, "मागची खोली तुझी. पोटाचं तू बघायचं. ज्या दिवशी आमच्या भाकरीला हात लावशील त्या दिवशी भावाकडं जायचं." ती व्हय म्हणाली. भाऊ शिरोळकडचा, ऊसवाला, पण बहिणीला दिवाळीलासुद्धा न बोलावणारा. तिकडं जायचं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. म्हणून ती शेणीवर जगली. आमचा गोठा झाडायची, त्याबदल्यात एका म्हशीचं शेण तिचं.

कोल्हापुरात माणूस जळतो तो शेणीवर. होळी आली की लोक शेणी होळीत न घालता स्मशानाला दान करतात. पण हल्ली फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या दारात म्हैस कुठली? ते विकत घेतात आणि दान करतात. जावेची गिऱ्हाइकं ठरलेली होती. तिची शेणी पातळ, गोल, कडक. दगड लहान म्हणून ती पातळ थापायची, म्हणजे लवकर वाळून दगड लवकर रिकामा व्हायचा. आणि थापायच्या आधी चुलीतली राख दगडावर चोळायची. राख असली की शेणी चिकटत नाही, अख्खी सुटते. आम्ही एवढा कुटाणा करत नव्हतो. आमच्या दगडांवर शेणाचे थर बसले, अक्षरं कधीच बुजली. तिच्या दगडाच्या अक्षरांत मात्र वर्षानुवर्षं राख जाऊन बसली. काळ्या दगडावर पांढरी अक्षरं, फळ्यावर खडूनं लिहिल्यासारखी.

तीन-चार वर्षांमागं शाहूपुरीतले एक गृहस्थ आले. निवृत्त माणूस, डोक्यावर खेळाडूची टोपी, जुन्या वास्तू जपणाऱ्या मंडळींपैकी. विलायतेहून पाहुणे येणार होते, जुनी थडगी बघत फिरणारे. आत शिरल्या शिरल्या त्यांनी तोंड सोडलं.

"अहो मावशी, हे स्मारक आहे! यावर शेण?"

"म्हशीस्नी सांगून बघा की," शेजारीण म्हणाली.

ते चिडले. पोलिसात देतो म्हणाले. एकेक दगड बघत, नाकाला रुमाल लावून चालले होते. कोपऱ्यात पोचले आणि रुमाल खाली आला. गुडघ्यावर बसले. बोटानं अक्षरं वाचली.

"हे कुणी केलं?"

आम्हाला वाटलं, आता खरा आरडाओरडा होणार. सगळ्या बायकांनी एकदम जावेकडं बोट केलं. "हिनं. हिचाच दगड त्यो."

ते उठले आणि तिच्या पाया पडले. ती मागं सरली.

"माऊली, तुम्ही या लेकराला भस्म लावता?"

"राख हाय ती, साहेब. शेणी सुटाय बरी पडती."

त्यांनी ऐकलं नाही. मोबाईल काढून तिचा फोटो घेतला. आम्ही लिंगायत, आमच्यात भस्म असतं, ते त्यांना ठाऊक होतं. तेवढं ठाऊक असणं पुरलं. तिला मूल नव्हतं हे कुणीतरी सांगितलं, मग तर त्यांचे डोळेच भरले. अजूनही गल्लीत येणारे तेच म्हणतात, की बाईनं परक्या पोरावर माया केली. कसली माया? ती तिथं पोट भरत होती.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी वेल्डिंगवाला आला. पोराच्या थडग्याभोवती उंच लोखंडी जाळी उभी केली, वर कुलूप. बाकीच्या सहा दगडांवरचं काही वाचता येत नाही, त्यांचं नंतर बघू, असं ते गृहस्थ म्हणाले. ते नंतर अजून आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मांडव, सतरंजी, माईक. गोरा पाहुणा म्हातारा होता आणि त्याची बायकोही. जावेला शाल आणि नारळ दिला. दोन शब्द बोला म्हणून माईक तिच्या तोंडासमोर धरला. ती म्हणाली, "शाल ऱ्हाऊ द्या. माझा दगड तेवढा द्या."

मांडवातल्या बायका हसून लोळल्या. टोपीवाल्यानं पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं आणि मडम डोळे पुसायला लागली. माझी नात इंग्रजी शाळेतली. तिला विचारलं, काय सांगितलं गं त्यांनी? नात म्हणाली, "हा दगड म्हणजे माझंच मूल आहे, असं त्या म्हणतात, असं सांगितलं." टाळ्या बऱ्याच वेळ पडल्या.

मांडव निघाला आणि आम्ही आपापल्या दगडांवर शेणी लावायला लागलो. कुणी अडवलं नाही. फक्त जावेचा दगड गेला. तोही तिनं स्वच्छ ठेवला म्हणून. ती टोपीवाल्यांच्या घरी किल्ली मागायला गेली. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मावशी, आता या वयात तुम्हाला कष्ट नकोत. आम्ही बघतो." चहा पिऊन परत आली.

मग ती दारोदार हिंडली. कुणाच्या दगडाचा कोपरा मिळतो का बघत होती. गल्लीतल्या भिंतींना आता रंग, अंगणात फरशी. शेणाचा हात कोण लावू देतो? शेजारीण म्हणाली, "तुझी साहेबाशी सोयरीक झाली की. त्येलाच माग." दुसरी म्हणाली, "लाव आनखी राख!" जाता-येता हेच चाललं. माझ्याकडं आली तेव्हा मी मडमेच्या दगडाची चिंचेकडची बाजू दिली. तिथं सावली असते. उन्हाची बाजू देऊन मी काय करू? म्हशी माझ्या, दगड माझा.

सावलीत शेणी वाळली नाही. पोटात ओली राहिली, किडे पडले, उचलली की मोडायची. गिऱ्हाइकानं एकदा परत आणून टाकली, दोनदा टाकली, मग दुसरीकडं गेलं. जावेनं आधी चहा सोडला. मग रात्रीचं जेवण सोडलं. एका दुपारी माझा मुलगा घरात आला तेव्हा ती आमच्या भाकरीच्या दुरडीत हात घालून उभी होती. मुलगा ओरडला नाही. बापाचं बोलणं त्यानं लहानपणी ऐकलं होतं.

"काकू, आबा काय म्हणालते?"

"व्हय बाबा, म्हणालते."

हातातली भाकरी तिनं परत दुरडीत ठेवली. ठेवताना वरचा कपडा नीट केला. मुलानं रिक्षा बोलावून तिला स्टँडवर सोडलं. मागच्या खोलीत त्याची मोटारसायकल राहते आता. शाल सुनेनं सीटवर घातलीय.

पुढच्या पावसाळ्यानंतर ती भावाकडं वारली. आम्ही मातीला गेलो. आमच्यात जाळत नाहीत, बसवून पुरतात. शेणीचं एक खांडसुद्धा तिला लागलं नाही. रानाच्या कडेला खड्डा काढला होता. तिला बसवली, स्वामींनी मंत्र म्हटले, माती लोटली. भावाचा मुलगा म्हणाला, माती बसली की वर दगड ठेवू.

परवा नात्यातल्या लग्नाला शिरोळला गेले होते, म्हणून त्या रानात गेले. सगळीकडं ऊस उभा, पुरुषभर उंच. दगड कुठं दिसेना.

"कुठं रं पुरलीया तिला?"

"हितंच कुटंतरी की, मावशी," तिचा भाचा म्हणाला. "उसाच्या लागणीला ट्रॅक्टर घातला, मग आता काय कळतंय?"

पानं हाताला कापत होती. मी बाहेर आले. निघताना त्यानं म्हशीसाठी उसाचं वाढं, शेंड्याचा पाला, दिलं, त्याच रानातलं. हिरवंगार होतं. मुलानं ते गाडीच्या टपावर बांधून आणलं. म्हशीनं सगळं खाल्लं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी भरून शेण मडमेच्या दगडावर नेलं.