ओढ्याकाठची पडवी

मुलीचं लग्न ठरवताना मुलाची नोकरी, घर, स्वभाव सगळं नीट पाहिलं. मुलाच्या वडिलांना एका जागी बसता येतं का, एवढंच पाहायचं राहिलं. माझ्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस भीमेपासून घोडनदीपर्यंत शोधून सापडायचा नाही. आम्ही दौंडचे, ते शिरूरचे. लग्नात व्याहीभेट झाली, टॉवेल-टोपी झाली, फोटोवाला "हसा" म्हणाला, आणि गळाभेटीतच हे माझ्या कानात पुटपुटले, "पाव्हणं, तुमच्या दौंडात बायामान्सांना नदीपातूर चालत जाता येतं का?" त्या फोटोत मी अजून तोंड उघडं टाकून उभा आहे.

रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला त्यांची उभी हयात गेली. निवृत्त झाले आणि नजर वळली ती घरामागच्या ओढ्याकडे. हा ओढा वस्तीतून नदीला मिळतो; निदान मिळावा अशी अपेक्षा, कारण वाटेत त्यात गाद्या, थर्माकोल आणि एकदा तर अख्खा सोफा निघाला. बंद मशीन दिसलं की यांचे हात शिवशिवणारच. "लाइन चोक हाय, दुसरं काय न्हाई. लाइन मोकळी करायची, दोन्ही अंगांनी करंज-जांभळं, आन् कडंनं पायवाट, पार नदीपातूर. हाय काय त्यात?" त्यात काय आहे ते आम्हाला विचारा. मुलीला भेटायला गेलो की पाण्याचा तांब्या हाती येण्याआधी मोजायच्या टेपचं टोक हाती यायचं. मग मागच्या पडवीतून विहीणबाई ओरडायच्या, "अवं, त्यांना च्या तरी पिऊ द्या!" ती पडवी त्यांनी हट्टानं बांधून घेतलेली. भाजी निवडणं, दुपारच्या गप्पा, नवऱ्यावर लक्ष ठेवणं, सगळं तिथूनच चाले.

मागच्या वर्षी त्या गेल्या आणि व्याह्यांची वणवण दुप्पट झाली. चहा अर्धा टाकून उठायचे, सकाळी सहाला मला फोन करून रोपांची खुशाली सांगायचे. कंपनीतले जुने सोबती, शेजारीपाजारी सगळ्यांना जुंपून त्यांनी ओढ्याचा बराच तुकडा उपसला. पाणी वाहू लागलं. आता पायवाटेसाठी काठच्या लोकांनी मागं सरायचं होतं. शेजारच्या टेलरचाचांच्या ओट्यावर बैठक बसली. मीही होतो. व्याही तावातावानं म्हणाले, "ज्याचं त्याचं बांधकाम ज्यानं त्यानं मागं घ्यायचं!"

चाचांनी गळ्यातली टेप काढली, शांतपणे घडी केली. "अण्णा, माझा जिना म्या उद्या काढतो. पर आधी तुमची पडवी. ती दोन हात ओढ्यात हाय."

सबंध ओढ्याची मापं ज्यांना तोंडपाठ, त्यांनी स्वतःच्या घरामागं टेप कधी धरलीच नव्हती. ते उठून घरी गेले.

चार दिवस फोन नाही. ज्या फोनला मी इतका वैतागायचो, त्याची वाट बघत पहाटेपासून बसू लागलो. पाचव्या दिवशी आला. "पाव्हणं, येता का? पडवी उतरवायचीय. पोरगं तयार न्हाई, आन् गवंड्याच्या हातात द्यायला मन व्हईना."

व्याह्याला जेवायला बोलावतात, भिंती पाडायला नव्हे. पण पिशवीत जुना शर्ट टाकून मी एसटी पकडली. आधी पत्रे काढले, मग विटा. चाचाही पहार घेऊन आले. माझी मुलगी दारात उभी राहून डोळे पुसत होती. विहीणबाई बसायच्या ती शहाबादी फरशी मात्र व्याह्यांनी कुणाला जागची हलवू दिली नाही.

चाचांचा जिना निघाला, आणखी दोन भिंती सरकल्या. बाकीचे अजून "बघू" म्हणतात. वाट नदीपर्यंत पोचलेली नाही. कधी पोचेल सांगवत नाही. परवा सकाळी आम्ही झालेल्या तुकड्यावरून चालत होतो. समोरून दोन बायका गप्पा मारत निघून गेल्या. व्याही झपाझप पुढे, मी धापा टाकत मागे. घरामागं आल्यावर ते थांबले आणि माझा दंड धरला.

"हितं जरा दमानं चला, पाव्हणं," ते म्हणाले. "हितं ती बसायची."